गोचीड निर्मूलन : साऱ्या गावाचे काम

(कोल्हापूर जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पहाटे धार काढावयास बसलेल्या माणसाचा हात म्हशीच्या कासेजवळ किंवा गाईच्या गळ्याखालच्या पोळीत अडखळतो आणि राखी रंगाचा एक टपोरा दाणा बोटांना लागतो. गोचीड म्हणून तो उपटला जातो, पायाखाली चिरडला जातो आणि धार पुढे चालू होते. कोल्हापूर जिल्ह्यात हे रोज हजारो गोठ्यांत घडते. गोचीड हा इतका परिचयाचा जीव आहे की त्याच्याविषयी काही विचार करावयाचा असतो, हेच आपण विसरून गेलो आहोत. जळवेसारखा चिकटणाऱ्या माणसाला ‘गोचीड’ म्हणून आपण मोकळे होतो. पण प्रत्यक्ष गोचिडाचे चरित्र मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ते चरित्र जाणून घेण्याची वेळ आता आली आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस घाट उतरला की लागणाऱ्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात, केर या गावी, जानेवारी २०१६ मध्ये तापाची साथ आली. अंग मोडून टाकणारा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, आणि काही रुग्णांत नाका-हिरड्यांतून रक्तस्राव. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत रक्ताचे नमुने तपासले गेले आणि निदान झाले, ते ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’चे. कोकणात याला माकडताप हे नाव पडले. पुढील वर्षी तो सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात दिसला. नाव माकडाचे असले तरी हा ताप माणसाला देतो तो गोचीड.

एका जंगलातून दुसऱ्या जंगलात

या रोगाचा इतिहास उद्‌बोधक आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाच्या जंगलाच्या आसपास माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसे आजारी पडू लागली. पुण्याच्या त्या वेळच्या विषाणू संशोधन केंद्राचे पथक डॉ. टेलफोर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली तेथे गेले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राचेच पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत रूपांतर झाले. शास्त्रज्ञांना प्रथम पीतज्वराची शंका आली होती. परंतु हाती आलेला विषाणू रशियाच्या जंगलांतील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. सैबेरियातून येणारे स्थलांतरित पक्षी तर हा रोग आणीत नाहीत ना, हे पाहण्यासाठी डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याचे मोठे काम हाती घेतले. पक्षी दोषी ठरले नाहीत. दोष जंगलातील पाचोळ्यात दडलेल्या गोचिडाकडे गेला.

कित्येक वर्षे हा आजार शिमोगा व त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांपुरता आहे असे मानले जाई. ही समजूत पुढे टिकली नाही. २०१२ मध्ये बंदीपूरच्या जंगलात आणि निलगिरीत, २०१३ मध्ये केरळातील वायनाडमध्ये, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये महाराष्ट्रात त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. सह्याद्रीची रांग हाच त्याचा मार्ग.

कोल्हापूरकरांनी या मार्गाकडे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. चंदगडहून तिलारी घाट उतरले की दोडामार्ग तालुका लागतो. कर्नाटकातून सिंधुदुर्गात आलेले रानटी हत्ती चंदगड आणि आजऱ्याच्या शिवारातही येऊन जातात, हे तेथील शेतकऱ्याला सांगावयास नको. राधानगरी-दाजीपूरचा गवाही पाणी व चाऱ्यामागे फिरताना महसुली नकाशा पाहत नाही. वन्य प्राण्यांना जी वाट मोकळी आहे ती त्यांच्या अंगावरील गोचिडालाही मोकळी आहे. येथे भीतीचे वातावरण निर्माण करण्याचा हेतू नाही. परंतु रोग दाराशी येईपर्यंत वाट पाहणे शहाणपणाचे ठरणार नाही.

गोचिडाचे चरित्र

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी आणि विंचू यांच्या कुळातील आहे. अंड्यातून बाहेर पडताना त्याला सहा पाय असतात. कात टाकल्यावर आठ होतात. रक्त हा त्याचा एकमेव आहार. गवताच्या पात्यावर वा झुडपाच्या फांदीवर चढून, पुढचे पाय पसरून तो स्वस्थ बसून राहतो. जनावराच्या श्वासाची, अंगाच्या उष्णतेची चाहूल लागली की जवळून जाणाऱ्या अंगाला तो चिकटतो. तो उडी मारीत नाही, उडतही नाही. वाट पाहणे हीच त्याची शक्ती आहे, आणि उपाशीपोटी तो कित्येक आठवडे, काही जातींत महिनोन्‌महिने, वाट पाहू शकतो.

गाई-म्हशींवर नेहमी आढळणाऱ्या गोचिडाची मादी सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर राहते. रक्त पिऊन टम्म फुगली की ती गळून पडते, गोठ्याच्या भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली किंवा कुरणातील पाल्याखाली शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. जनावराच्या अंगावर जे गोचीड दिसतात ते या प्रचंड कुटुंबातील थोडेसे सदस्य होत. उरलेले सारे कुटुंब जमिनीत, भिंतीत आणि गवतात आहे. जो शेतकरी केवळ जनावराच्या अंगावर औषध मारतो तो फांद्या छाटतो. मूळ तसेच राहते. आणि ज्याने आपला गोठा स्वच्छ केला, पण शेजाऱ्याने केला नाही, त्याची जनावरे दुसऱ्या दिवशी त्याच गायरानात चरावयास जातात. गोचीड निर्मूलन हे एका घराला न झेपणारे, साऱ्या गावाचे काम का आहे, याचे उत्तर या चरित्रातच मिळते.

माकडताप पसरविणाऱ्या रानगोचिडाची रीत थोडी निराळी आहे. आयुष्याच्या तीन टप्प्यांत तो तीन निरनिराळ्या प्राण्यांवर जगतो : लहानपणी उंदीर-घुशींसारख्या लहान प्राण्यांवर व पक्ष्यांवर, मधल्या वयात माकडांवर व माणसांवर, आणि मोठेपणी गुराढोरांवर. या मधल्या वयातील गोचीड तिळाएवढा असतो. तो चावल्याचे अनेकदा कळतही नाही. त्याची संख्या पावसाळा संपल्यावर वाढू लागते. म्हणूनच माकडतापाचा हंगाम साधारणतः नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतो.

नेमका हाच काळ रानातील कामाचा आहे. याच दिवसांत काजू वेचावयाचा असतो, जळण गोळा करावयाचे असते, गोठ्यात आंथरण्यासाठी आणि भाताच्या तरव्यासाठी पाला-पाचोळा आणावयाचा असतो. चंदगडच्या काजू बागाईतदाराला किंवा भुदरगड-शाहूवाडीच्या धनगरवाड्यावरील कुटुंबाला “रानात जाऊ नका” असे सांगणे म्हणजे “जेवू नका” असे सांगण्यासारखे आहे. तेव्हा रानात जाणाऱ्याचे संरक्षण कसे होईल, याचा विचार करणे हेच कार्यकर्त्याचे काम ठरते.

दुभत्या जनावरांचे नुकसान

गोचिडाचे दुसरे, रोजचे आणि शांतपणे होणारे नुकसान गोठ्यात होते. जनावरांच्या रोगाशी गोचिडाचा संबंध प्रथम सिद्ध झाला तो अमेरिकेत. तेथील गुरांच्या ‘टेक्सास ताप’ नावाच्या रोगाचा प्रसार गोचिडामार्फत होतो, हे थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ मध्ये दाखवून दिले. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेस सापडले ते त्यानंतर चार वर्षांनी. म्हणजे चावणाऱ्या जीवामुळे रोग पसरतो, हा धडा विज्ञानाला प्रथम गोचिडाने शिकविला.

त्या तापाचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. एका प्रकारात जनावराला भरपूर ताप येतो आणि लघवी तांबडी, कॉफीसारखी होते. दुसरा प्रकार ‘थायलेरिओसिस’ हा होय. यालाच शेतकरी गोचीड ताप म्हणतात. यात ताप उतरत नाही, खांद्यापुढील व मांडीपुढील गाठी सुजतात, डोळ्यांची आतली त्वचा पांढरी पडते आणि गाय पाहता पाहता खंगते. देशी जनावर हा आजार बऱ्याच अंशी सहन करते. संकरित गाईला आणि तिच्या वासराला मात्र तो जीवघेणा ठरतो.

कोल्हापूरच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा सहकारी दूध संघाने, म्हणजेच ‘गोकुळ’ने, आणि वारणेच्या सहकारी दूध संघाने या जिल्ह्यात दुधाचा जोडधंदा घराघरांत नेला. उसाचे बिल वर्षातून मोजक्या वेळी येते. घरखर्च भागतो तो दुधाच्या बिलावर. संकरित गाय दगावली तर अल्पभूधारकाचे कुटुंब कर्जात बुडते. गाय न दगावताही, सतत रक्त शोषले गेल्याने दूध घटते, वजन घटते, जनावर माजावर वेळेवर येत नाही. हे नुकसान कोणत्याही वहीत लिहिले जात नाही, म्हणून ते डोळ्यांत भरत नाही.

उपाय उपलब्ध आहेत. गोचीड तापावर ‘बुपारव्हाक्वोन’ हे प्रभावी इंजेक्शन आहे. मात्र ते आजाराच्या प्रारंभी मिळाले पाहिजे. संकरित जनावरांसाठी प्रतिबंधक लसही देशात तयार झाली आहे. दोहोंचा निर्णय पशुवैद्यकाने घ्यावयाचा आहे. शेतकऱ्याच्या हाती असलेले काम त्याआधीचे आहे. गोठ्याच्या भिंतींच्या व जमिनीच्या फटी लिंपून घ्याव्यात, भिंतींना चुना द्यावा, शेण व उरलेली वैरण रोज काढावी, उकिरडा गोठ्यापासून दूर ठेवावा आणि गोठ्याभोवतालचे गवत कापावे. नवे जनावर बाजारातून आणले तर ते एकदम दावणीला न बांधता काही दिवस वेगळे बांधावे व गोचीडमुक्त करून मगच इतरांत मिसळावे.

औषधांचा वापर विवेकाने व्हावयास हवा. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ ही औषधे पाण्यात मिसळून फवारावयाची असतात. त्यांचे प्रमाण बाटलीवर दिलेले असते आणि ते अंदाजपंचे घेऊन चालत नाही. प्रमाण जास्त झाले तर जनावराला विषबाधा होते. कमी झाले तर अशक्त गोचीड मरतात, चिवट जगतात आणि पुढच्या पिढीला औषध लागूच पडत नाही. फवारणीपूर्वी जनावराला पाणी पाजावे, म्हणजे ते अंग चाटणार नाही. केसांच्या उलट दिशेने फवारावे. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या सांदीत औषध पोहोचेल असे पाहावे. डोळे, तोंड व जखमा टाळाव्यात. गोठ्याच्या फटींतही त्याच दिवशी फवारणी करावी आणि अंड्यांतून निघणाऱ्या नव्या पिढीसाठी दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुभत्या जनावराला देण्यापूर्वी पशुवैद्यकाला विचारावे, कारण औषधाचा अंश दुधात उतरतो. एके काळी गोठ्यात सर्रास वापरली जाणारी बीएचसी पावडर १९९७ पासून देशात बंद आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असल्यास तो वापरू नये.

राखणीचा कुत्रा

घरातील कुत्र्याचा विचार सहसा केला जात नाही. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड घराच्या आश्रयानेच जगतो. तो भिंतीवर चढतो, चौकटीच्या फटीत, पोत्यांच्या थप्पीत अंडी घालतो. कुत्र्याला त्याच्यामुळे ताप येतो, नाकातून रक्त येते, रक्तक्षय होतो. आणि तो माणसाला चावला तर अंगावर पुरळ उठणारा एक ताप माणसालाही होऊ शकतो. या तापावर डॉक्टरांकडे गुणकारी औषध आहे, पण त्यासाठी गोचीड चावल्याचे डॉक्टरांना सांगितले पाहिजे. कुत्र्याचे कान, बोटांमधील सांदी आणि गळपट्ट्याखालची जागा आठवड्यातून एकदा तरी पाहावी, त्याचे अंथरूण उन्हात टाकावे. गुरांचे औषध तसेच्या तसे कुत्र्या-मांजरांवर वापरू नये. कुत्र्यांसाठी चालणारे पर्मेथ्रिन मांजरांना घातक ठरते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

माणसाने घ्यावयाची काळजी

रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ कपडे आणि बूट घालावेत. विजारीचे टोक मोज्यात खोचावे. स्त्रियांनी लुगड्याच्या आत विजार वापरावी. पायांना व हातांना गोचीड दूर ठेवणारे डी.एम.पी. तेल लावावे, आरोग्य खात्याने माकडतापाच्या भागात ते वापरात आणले आहे. पाचोळ्यावर बसू वा लवंडू नये. घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवावेत, साबण लावून आंघोळ करावी आणि काख, जांघ, गुडघ्यामागची जागा, कानामागची जागा व केस तपासावेत. लहान मुलांची तपासणी आईने वा आजीने करावी.

अंगाला चिकटलेला गोचीड काढण्याच्या अनेक घरगुती रीती आहेत : कोणी रॉकेल लावते, कोणी उदबत्तीचा चटका देते, कोणी चुना थापते. या सर्व रीती टाळाव्यात. डिवचलेला गोचीड आपल्या पोटातील द्रव जखमेत सोडतो, आणि रोगाचे जंतू त्यातच असतात. बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला कातडीच्या अगदी जवळ धरावे, पिळू नये, मुरगळू नये, सावकाश सरळ वर ओढावे. चिमटा नसेल तर बोटांना कापड गुंडाळावे. जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढील दोन आठवड्यांत ताप आल्यास ती तारीख डॉक्टरांना सांगावी.

गोचीड बोटांनी फोडू नये, हे तर पुनःपुन्हा सांगितले पाहिजे. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट या गावी एका स्त्रीचा रक्तस्रावी तापाने मृत्यू झाला. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही त्याच आजाराला बळी पडल्या. पुण्याच्या संस्थेने तो ‘क्रिमियन काँगो ताप’ असल्याचे निश्चित केले. भारतात या रोगाची ती पहिली निश्चित नोंद होय. हा विषाणू गुरे-मेंढ्यांवरील गोचिडांत असतो. जनावर ठणठणीत दिसते. पण गोचीड चिरडताना किंवा ताज्या रक्ताशी संबंध आल्याने माणूस आजारी पडतो. गोचीड काढणाऱ्याने आणि कत्तलीचे काम करणाऱ्याने हातमोजे घालावेत. काढलेले गोचीड साबणाच्या किंवा औषधाच्या पाण्यात टाकून मारावेत.

माकडतापाचे स्वरूप याहून निराळे आहे. तो एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही; त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही. त्यावर खास औषध नाही. कर्नाटकात १९९० पासून दिली जाणारी लस फारशी परिणामकारक ठरत नसल्याचे दिसून आल्याने २०२२ मध्ये थांबविण्यात आली आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने नव्या लसीचे काम हाती घेण्यात आले. २०२४ च्या प्रारंभीही या तापाने कर्नाटकात बळी घेतले. शंभर रुग्णांपैकी साधारण तीन ते पाच दगावतात. वेळेवर रुग्णालयात पोहोचलेला रुग्ण बहुधा वाचतो. म्हणून अंगावर ताप काढणे आणि दुकानातून गोळी आणून घेणे, या दोन सवयी प्राणघातक ठरू शकतात. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मेलेले माकड काय सांगते

जंगलालगतच्या गावात वानर किंवा लाल तोंडाचे माकड मरून पडलेले दिसले, तर ती एक सूचना समजावी. माकड मेले की त्याचे रक्त पिणारे गोचीड ते थंड शरीर सोडतात आणि भोवतालच्या जमिनीवर विखुरतात. ती जागा काही काळ धोक्याची होते. अनेक ठिकाणी माणसांतील साथीच्या आधी माकडांचे मृत्यू झाल्याचे आढळले आहे. माकडाबद्दल आपल्या समाजात श्रद्धा आहे. मेलेल्या वानराला उचलून, हार घालून, त्याचा विधिपूर्वक अंत्यसंस्कार करणारी गावे आहेत. ही भावना आदरणीय आहे. परंतु ते कलेवर उघड्या हातांनी उचलणे धोक्याचे आहे. त्याला हात न लावता, मुलांना व गुरांना त्या बाजूस जाऊ न देता, वन खाते, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांना त्याच दिवशी कळवावे. कीटकनाशक भुकटी टाकणे, तपासणीसाठी नमुना घेणे आणि विल्हेवाट लावणे ही कामे प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी करावयाची आहेत. त्यांनी परवानगी दिल्यावर ग्रामस्थांनी दुरून नमस्कार करावा. त्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही.

गावाने काय करावे

२०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा माश्या, डास व गोचीड यांच्याविरुद्ध गोठ्यांची फवारणी करण्याचे काम गावोगावी झाले. संकट मोठे होते म्हणून माणसे एकत्र आली. गोचिडासाठी असे संकट येण्याची वाट पाहू नये. ग्रामपंचायतीने दिवाळीच्या सुमारास दोन दिवस ठरवावेत, दूध संस्थेने औषध व फवारणी पंप यांची सोय करावी, पशुवैद्यकाने प्रमाण सांगावे आणि गावातील सर्व गोठे एकाच वेळी फवारावेत. तीन आठवड्यांनी हेच पुन्हा करावे. एक गोठा राहिला तर त्या गोठ्यातून सारे गाव पुन्हा गोचीडग्रस्त होते. म्हणून ज्याला औषध परवडत नाही त्याच्या गोठ्याचा खर्च इतरांनी उचलणे हा त्यांच्या स्वतःच्या हिताचा व्यवहार ठरतो.

शिक्षकांवर एक विशेष कार्य येते. जळण आणावयास आणि गुरे राखावयास मुले जातात. अंग कसे तपासावे, गोचीड कसा काढावा, मेलेले माकड दिसल्यास कोणाला सांगावे, हे मुलाला शिकविले तर ते घरी पोहोचते. सूक्ष्मदर्शक नसला तरी साध्या भिंगाखाली काचेच्या बंद बाटलीतील मेलेला गोचीड दाखविता येतो. एकदा पाहिलेला प्राणी मूल विसरत नाही.

अधिकाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की गाईचा गोचीड पशुसंवर्धनाच्या, माकडाचा वन खात्याच्या आणि माणसाचा आरोग्य खात्याच्या कक्षेत येतो. गोचिडाला मात्र ही विभागणी ठाऊक नाही. नोव्हेंबर ते मे या काळात तालुक्याच्या पातळीवर तिन्ही खात्यांनी दर महिन्यास एकत्र बसून माकडांचे मृत्यू, जनावरांतील गोचीड ताप आणि माणसांतील तापाचे रुग्ण यांची माहिती एकमेकांस द्यावी. त्यासाठी नव्या निधीची आवश्यकता नाही, एका टेबलाची आहे.

गोचीड वाट पाहण्यात तरबेज आहे. तेव्हा चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या डोंगरी तालुक्यांतील पंचायतींनी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर फवारणीच्या तारखा ठरविण्याचा विषय घ्यावा आणि त्याच सभेत, मेलेले माकड आढळल्यास कोणी कोणास कळवावयाचे, त्याची नावे निश्चित करावीत. एवढे झाले तरी या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.